कुंदाताई आत असत, मी बाहेर

अठरा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोनं मला जे कधी सांगितलं नाही, ते तिनं एका दिवसात ज्या बाईंना सांगितलं त्यांचं नाव डॉ. कुंदा सावरगावकर. त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला त्यांचा हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, जेवताना घास अडकावा असा.

दिसायला हेवा वाटावा असं त्यांच्यात काही नव्हतं. साठीच्या आसपासची ठेंगणी बाई. केस पोरासारखे कापलेले, चष्म्याला दोरी, आणि दोन्ही बाजूंना मोठाले खिसे असलेला सुती कुडता. त्या खिशांत कायम चुरमुरे असत. बोलता बोलता चार तोंडात टाकायच्या, समोरच्यापुढेही मूठ धरायच्या. मूळच्या अमरावतीच्या. अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली होती, पण वाक्याच्या शेवटी 'बाप्पा' यायचंच, इंग्रजीतसुद्धा. त्यांचा सहकारी टॉम हा सहा फुटी, लाल दाढीवाला माणूस. तोही त्यांच्या संगतीनं 'ओके, बाप्पा' म्हणायला लागला होता. गाडी इतकी सावकाश चालवायच्या, की हायवेवर मागचे लोक हॉर्न वाजवून वैतागत. यांना पत्ताच नसे.

"तुम्ही नक्की करता काय?" असं मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मानसशास्त्रातली डॉक्टरेट, कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करण्यात गेलेली वीस वर्षं, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "पेशंटजवळ बसते. एवढंच काम आहे न बाप्पा."

एवढ्याशा कामासाठी माझी बायको आठवडाभर त्यांची वाट बघायची.

आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियात, एक्स्टनला राहत होतो. मी एका औषधाच्या कारखान्यात होतो. गोळीवरचा पातळ लेप सगळीकडे सारखा बसतो की नाही, हे बघणं हे माझं काम. माधवी, माझी बायको, शाळेत गणित शिकवायची. मुलगी ईशा हायस्कुलात. २००५ मध्ये माधवीला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परतही आले. आम्ही हुश्श केलं तोच तो पुन्हा उगवला. डॉक्टर म्हणाले, आता उपचार करायचे ते दिवस वाढवण्यासाठी.

त्या दिवसापासून माधवीला भीतीनं धरलं. ती रडली असती, चिडली असती, तर मला समजलं असतं. ती गप्प झाली. कुठलंच दार लावू द्यायची नाही, बाथरूमचंसुद्धा. पुढच्या आठवड्याचं बोलणं काढलं की उठून जायची. सगळ्यात वाईट म्हणजे ती ईशाकडे बघेनाशी झाली. पोरगी शाळेतून आली की ही तोंड फिरवून भांडी लावायला लागायची. मी विचारलं तर एकदाच म्हणाली, "तिच्याकडे बघितलं की मला श्वास घेता येत नाही, सतीश." भीतीवरच्या, झोपेच्या सगळ्या गोळ्या झाल्या. त्यानं ती झोपायची, पण उठली की भीती पलंगाच्या कडेला तयारच असायची.

केमोच्या एका नर्सनं तिला औषधाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. आमच्याकडून दोनेक तासांवर एका विद्यापीठात कॅन्सरच्या पेशंटना सायलोसायबिन देऊन बघत होते. अळंबीच्या काही जातींत असणारं हे द्रव्य. माणसाला काही तास वेगळंच जग दाखवणारं. बाहेर त्याला कायद्यानं बंदी. तिथं मात्र सरकारची परवानगी काढून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या लोकांवर अभ्यास चालला होता.

मी चिडलोच. "आपण शिकलेली माणसं आहोत. हे हिप्पी लोकांचे उद्योग."

"शिकलेल्या माणसांची भीती कशानं जाते, ते सांग," माधवी म्हणाली.

म्हणून आम्ही गेलो.

मला वाटलं होतं, उदबत्त्यांचा वास असेल, कुणी तरी डोळे मिटून गूढ बोलेल. प्रत्यक्षात कुंदाताईंनी माधवीला दोन दिवस नुसते प्रश्न विचारले. हृदय कसं आहे, ब्लड प्रेशर किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आई-वडिलांकडच्या घराण्यात कुणाला वेड लागलं होतं का, कुणाला भास व्हायचे का. उत्तरं मी देत होतो. माधवीची औषधं मला तोंडपाठ होती. कुंदाताईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सतीशराव, तुम्ही असं करा जी, बाहेर बसा. कॉफीचं मशीन बिघडलंय, पण खिडकी छान आहे."

पुढचे दोन महिने मी त्या खिडकीशी बसलो. खाली पार्किंग लॉट होता. छान वगैरे काही नव्हतं.

औषध लगेच देतील असं मला वाटत होतं. पण आधी नुसत्याच भेटी. माधवीचं लहानपण, तिची आई, आजार, तिला कशाकशाची भीती वाटते, सगळं. त्या दिवशी काय काय होऊ शकतं, हे कुंदाताईंनी लपवलं नाही. मळमळेल. रडू येईल. काही वेळ प्रचंड भीती वाटेल, आज वाटते त्याहूनही जास्त. आजार यानं बरा होणार नाही, हे तर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत, दोनदा सांगितलं. "आणि हातात कॅप्सूल घेतल्यावरसुद्धा नको वाटलं तर नको म्हणायचं. कुणी रागावणार नाही. टॉम तर खूषच होईल, त्याला लवकर घरी जाता येईल."

एकदा दार किलकिलं राहिलं होतं. आत त्या दोघी चक्क हात धरायची तालीम करत होत्या.

"तुला हात धरावासा वाटला तर कसं सांगशील?"

"हात पुढे करीन."

"आणि सोडावासा वाटला तर?"

"ओढून घेईन."

"घेऊन दाखव. नाही, जोरात. मला वाईट वाटेल असं ओढ."

माधवीनं हात हिसडला आणि दोघी हसायला लागल्या. त्या औषधाच्या अमलाखाली माणूस फार उघडा पडतो, नको म्हणायची ताकद राहत नाही. म्हणून कुठं हात लावलेला चालेल, कुठं नाही, हे आधीच, शुद्धीत असताना ठरवायचं, असा कुंदाताईंचा नियम होता. खोलीत एकट्या माणसानं बसायचं नाही, कायम दोघं हवीत, हा दुसरा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पार्किंग लॉटकडे तोंड करून बसलो आणि माधवी अशी शेवटची कधी हसली होती ते आठवत राहिलो.

ठरलेल्या दिवसासाठी मी मेहनत करून एक सीडी तयार केली होती. माधवीच्या आवडीची सगळी गाणी, आमच्या लग्नाआधीपासूनची. कुंदाताईंनी ती हातात घेतली, नावं वाचली आणि परत दिली.

"फार प्रेमानं केलीय तुम्ही. पण यात जागोजागी तुम्ही आहात. आज तिला एकटीला जाऊ द्या."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून बुटात ठेवलं, बूट दाराबाहेर ठेवले, आणि जाड लोकरी मोजे घालून आत गेल्या. दार लागलं. घरी कुठलंही दार लावू न देणाऱ्या माझ्या बायकोनं ते लावू दिलं.

सकाळचे दोन तास काही ऐकू आलं नाही. मग माधवीचा आवाज आला. आधी हुंदके, मग ओरडणं. शब्द कळत नव्हते, पण तिचा तसला आवाज मी बाळंतपणातही ऐकला नव्हता. मी उठून दारापाशी गेलो. बाहेर बसलेला डॉक्टर शांतपणे मध्ये आला. ब्लड प्रेशर ठीक आहे, ती सुरक्षित आहे, म्हणाला. दार आतून किंचित उघडलं आणि कुंदाताईंचं डोकं बाहेर आलं.

"ती ठीक आहे. तिला ओरडायचंय. ओरडू द्या."

"मला आत येऊ द्या. मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

ते 'म्हणूनच' मी कितीतरी महिने चघळलं.

संध्याकाळी, उन्हं अजून असताना, माधवी बाहेर आली. थकलेली, डोळे सुजलेले, पण चेहरा धुऊन पुसल्यासारखा. तिनं कुंदाताईंचा हात धरला होता. माझ्याकडे बघून ती हसली, पण हात त्यांचाच धरून ठेवला. गाडीपर्यंत.

वाटेत मी विचारलं, "भीती गेली?"

"गेली नाही. आधी घराएवढी होती. आता माझ्याएवढी आहे. शेजारी बसवता येईल एवढी."

घरी पोचलो तेव्हा ईशा ओट्यापाशी सीरियल खात होती. माधवी तिच्यासमोर बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. "मॉम, व्हॉट?" ईशा म्हणाली. "काही नाही," माधवी म्हणाली, "नाकावर दूध लागलंय." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. त्या क्षणी मला कुंदाताईंचे पाय धरावेसे वाटले. तो क्षण फार टिकला नाही.

कारण त्यानंतर दर गुरुवारी फोन सुरू झाले. त्या दिवशी जे दिसलं, सुचलं, त्याचं रोजच्या जगण्यात काय करायचं, यावर बोलण्यासाठी. तो उपचाराचाच भाग होता. औषध देऊन पेशंटला वाऱ्यावर सोडून देणं म्हणजे कुंदाताईंच्या मते गुन्हा. माधवी फोन घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर बसायची, मी आत भांडी विसळत. तिचा आवाज काचेतून यायचा, कधी हसणं, कधी नुसतंच 'हं'. फोन ठेवून आत आली की मी विचारायचो, "काय म्हणाल्या?" ती म्हणायची, "त्या काही म्हणतच नाहीत रे. मीच बोलते."

एकदा मी स्वतःच कुंदाताईंना फोन लावला. "त्या दिवशी माधवी काय ओरडत होती?"

"ते तिचं आहे, सतीशराव. तिला विचारा."

"ती सांगत नाही."

"मग थांबा."

"तिच्याकडे थांबायला वेळ नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

वाटलं, आता विरघळतील. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी मी नाही सांगणार जी."

त्या दिवाळीत मात्र मला एक सुख लाभलं. माधवीनं कुंदाताईंना फराळाला बोलावलं आणि त्यांनी चक्क नाही म्हटलं. माधवी दुखावली. दोन दिवस नीट बोलली नाही, चकल्या करपवल्या. आणि मी? मी त्या करपलेल्या चकल्या मिटक्या मारत खाल्ल्या. म्हटलं, बघा, कळली का तुमची कुंदाताई. मग गुरुवारचा फोन आला. माधवी आत आली ती विचारात पडलेली.

"त्या म्हणतात, मी तुझ्या घरी लाडू खाल्ला तर उद्या तुला माझ्यावर रागावता येणार नाही. आणि माझ्यावर रागावता आलं पाहिजे तुला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "खरंच आहे रे. मी आज रागावले त्यांच्यावर. चांगली रागावले. आणि त्यांनी ऐकून घेतलं."

माझं सुख तिथंच संपलं.

त्याच थंडीत आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना कुठून तरी सुगावा लागला. मोठं घर, मोठा धंदा, आणि मुलगा कॉलेज सोडून खोलीत बसलेला. माझ्यामार्फत त्यांनी कुंदाताईंना गाठलं. स्पीकरवर मी ऐकत होतो. मुलाची घरीच सगळी व्यवस्था करू, तुम्ही फक्त ते औषध मिळवून द्या, कुणाला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कुंदाताईंचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

"कुणाला कळणार नाही, हीच भानगड आहे बाप्पा! पूर्वी लोकांनी असंच केलं. कुणी पण कुठं पण घेतलं, कुणी पण गुरू झाला. पोरांचे हाल झाले, आणि हे सगळं काम बंद पडलं. आता कुठं दार जरासं उघडलंय. तुमच्या मुलाला मी ओळखत नाही, त्याच्या डोक्यात काय चाललंय माहीत नाही. हे त्याला आणखी बिघडवू शकतं." मग आवाज उतरला. "त्याला कुणी डॉक्टरनं बघितलंय का? नाही? मग लिहून घ्या." आणि त्यांनी त्या भागातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं. दोन आठवड्यांनी स्वतः फोन करून मुलगा जातो का, याची चौकशी केली.

हे सगळं ऐकूनही मीही तेच मागितलं. माधवी खंगत चालली होती, पण तिच्या डोळ्यांत मला परकी असलेली एक निवांत जागा होती. मला तिथं जायचं होतं. मी एकटाच विद्यापीठात गेलो आणि कुंदाताईंना म्हणालो, "मलाही द्या. अभ्यासात घ्या, काहीही करा. ती जिथं गेली ते मला बघायचंय."

त्यांनी चुरमुऱ्यांची मूठ माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"तुम्हाला कॅन्सर नाही, म्हणून अभ्यासात बसत नाही. अभ्यासाबाहेर मी कुणाला देत नाही. घराण्यात कुणाला भास व्हायचे?"

"थोरल्या भावाला. आवाज ऐकू यायचे."

"मग तर मुळीच नाही. कधी कुणी पुढे केलं तरी घ्यायचं नाही, ऐकताय ना?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि सतीशराव, तुम्ही गेलात तरी ती गेली तिथं नाही पोचणार. तुम्ही तुमच्याच ठिकाणी जाल. तुम्हाला हेवा वाटतोय. त्यावर माझ्याजवळ औषध नाही."

कुणी तोंडावर चोर म्हणावं तसा मी लाल झालो. पण त्या हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. "घरी जा," म्हणाल्या. "तिच्याजवळ बसा. काही विचारू नका."

मी घरी गेलो. त्यांचा सल्ला म्हणून नव्हे, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. रोज दुपारी माधवीच्या खुर्चीशेजारी बसू लागलो. पहिले काही दिवस जीव गुदमरला. गप्प बसणं मला कुठं येत होतं? मार्चमधल्या एका दुपारी, बाहेरचं बर्फ वितळत असताना, तिनं आपण होऊन सुरुवात केली.

"त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडत होते."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू मला इथं आणलंस म्हणून. पुण्याची माझी कायमची नोकरी होती. तू विचारलंच नाहीस, तिकिटं काढलीस. आई गेली तेव्हा मी इथं बर्फ उपसत होते. ते सगळं मी आत ठेवलं होतं आणि मला वाटायचं, त्याचाच कॅन्सर झाला. त्या दिवशी सगळं बाहेर आलं. तुला काय काय म्हणाले मी! आणि ओरडून संपल्यावर तू दिसलास, दाराबाहेर. म्हातारा झालेला. मला तुझी इतकी दया आली."

ती तासभर बोलली. मध्ये दोनदा तिला पाणी दिलं. त्या तासात मी तिची माफी मागितली, तिनं ती लगेच दिली नाही, संध्याकाळी दिली.

रात्रीची भांडी विसळताना माझ्या डोक्यात आलं. माझ्याबद्दलचं हे सगळं कुंदाताईंना वर्षभर माहीत होतं. मी त्यांच्याशी फोनवर हुज्जत घालत होतो, नवरेपणाचा हक्क सांगत होतो, तेव्हाही. आणि त्यांच्या आवाजात, नजरेत मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

माधवी त्या मे महिन्यात गेली, घरीच. ईशा तिच्या उशाशी होती आणि ती ईशाकडे बघत होती. अंत्यविधीला कुंदाताई आल्या, मागच्या रांगेत बसल्या. मंडळातल्या कुणी तरी विचारलं, "तुम्ही माधवीच्या कोण?" त्या म्हणाल्या, "ओळख होती." तेवढंच बोलून त्या गेल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते २००८ च्या उन्हाळ्यात. ईशाला कॉलेज दाखवायला घेऊन गेलो होतो, परतताना एका इंडियन ग्रोसरीत थांबलो. भाजीच्या कप्प्याशी कुंदाताई भेंड्या मोडून बघत होत्या. त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही, नजरही चोरली नाही. नुसत्या थांबल्या. पेशंटच्या माणसांना चारचौघांत आपण होऊन हाक मारायची नाही, हे त्यांचं वळण मला ठाऊक होतं. ओळख द्यायची की नाही, हे माझ्यावर होतं.

सहज निघून जाता आलं असतं.

"ईशा," मी म्हणालो, "या कुंदाताई. आईला ओळखायच्या."

ईशानं हातातली टोपली खाली ठेवली. आई गेल्यापासून पोरगी आईबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. "यू न्यू माय मॉम? व्हॉट डिड शी टेल यू?"

"ते मला नाही सांगता येणार बेटा," कुंदाताई म्हणाल्या. "पण तुला काही सांगायचं असेल तर मला वेळ आहे."

मी काउंटरवर गेलो, सामान घेतलं, गाडीत भरलं. दुकानाबाहेरच्या बाकावर त्या दोघी बसल्या होत्या. ईशा बोलत होती. हातवारे करत, मध्येच नाक पुसत, थांबून पुन्हा, मराठीत की इंग्रजीत ते मला गाडीतून ऐकू येत नव्हतं. माझ्यापाशी वर्षभरात जे निघालं नाही ते तिथं दहा मिनिटांत निघत होतं. छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी ओळखीची. कुंदाताईंनी एकदा मान वर करून माझ्या गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा पोरीकडे वळल्या.

डिक्कीत फ्रोझन पराठे वितळत होते. मी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला.